फुलपाखराची फाईल कुणाकडे?

चीनमध्ये अमली पदार्थ विकणाऱ्याला फाशीही होऊ शकते. नुसतं सेवन करणारा मात्र तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरत नाही. मारामारी, जुगार, भुरटी चोरी यांच्या पंगतीतलं ते एक गैरवर्तन. त्यासाठी कोर्टात खटला चालत नाही, पोलीसच दंड करतात किंवा काही दिवस डांबून ठेवतात. अशा प्रकारांसाठीचा कायदा जून २०२५ मध्ये सुधारला गेला आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. त्याच्या १३६व्या कलमानुसार या शिक्षांच्या नोंदी आता सीलबंद राहायच्या आहेत. तपासासाठी सरकारी यंत्रणांना आणि नियमांनी अधिकार दिलेल्या कार्यालयांना त्या पाहता येतील, बाकी कुणाला नाही. आणि ज्यांनी पाहिल्या त्यांनी त्या बाहेर फोडायच्या नाहीत.

कायदा मंजूर झाल्यावर काही महिने फारसं कुणी बोललं नाही. नोव्हेंबरअखेर मात्र चिनी समाजमाध्यमांवर भडका उडाला. कुठल्या बड्या बापाच्या पोराला वाचवायला हे कलम घुसवलं, असं लोक उघड विचारू लागले. तस्करांशी लढताना जे पोलीस मेले त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवणार? पकडले गेलेले नट-गायक आता पुन्हा पडद्यावर मिरवणार का? चीनमध्ये सरकारी कलमाविरुद्ध इतका मोकळा आरडाओरडा रोज ऐकू येत नाही, त्यामुळे हा राग खरा होता हे मानायला हवं.

तरी मला ते कलम बरोबर वाटतं, सेवन करणाऱ्यांना त्यात धरून. त्याच्या बाजूने कायदेपंडित जे बोलतात ते ठीकच आहे: पुनर्वसन, पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता, शिक्षेच्या मानाने भारी पडणारे परिणाम वगैरे. पण या कलमाला पुरेल असा भक्कम आधार चीनच्याच घरात तेवीसशे वर्षं पडून आहे आणि या वादात त्याची आठवण व्हायला हवी होती. तो आधार म्हणजे एका माणसाला पडलेलं स्वप्न.

च्वांग त्से हा ताओवादी विचारवंत इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, सोंग राज्यातला. ज्या झाडांच्या चिकापासून रोगण करतात त्या झाडांच्या बागेवर तो छोटा अधिकारी होता, एवढी माहिती इतिहासकार सुमा छ्येन देतो. त्याच्या नावावरच्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणाच्या अगदी शेवटी चार ओळींचं ते स्वप्न येतं. च्वांग चौ (हे त्याचं पाळण्यातलं नाव) स्वप्नात फुलपाखरू झाला. मजेत बागडत होता, आपण चौ आहोत याचा पत्ताच नव्हता. एकदम जाग आली, आणि पाहतो तर आपण अंथरुणावर चांगला धडधाकट चौ. आता चौला फुलपाखरू झाल्याचं स्वप्न पडलं की फुलपाखराला चौ झाल्याचं पडतंय, हे काही कळेना. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं वाक्य बहुतेक जण सोडून देतात: चौ आणि फुलपाखरू यांच्यात भेद हा असलाच पाहिजे, यालाच वस्तूंचं रूपांतर म्हणतात.

मराठी वाचक ही गोष्ट ऐकतो आणि लगेच ओळखीचा चेहरा भेटल्यासारखी मान डोलावतो. कीर्तनात जनकाची गोष्ट आपण ऐकलेली असते. राजा जनकाला स्वप्न पडतं की राज्य गेलं, आपण भुकेने व्याकूळ झालेला भिकारी आहोत, आणि भीक मागून मिळालेलं अन्नही मातीत सांडलं. दचकून उठतो तर पलंग, सेवक, राजवाडा. मग एकच प्रश्न धरून बसतो: हे खरं की ते खरं? अष्टावक्र सांगतो, हेही नाही आणि तेही नाही. दोन्ही पाहणारा जो तू, तो खरा. प्रश्न मिटतो. राजा आणि भिकारी दोघेही खोटे ठरतात आणि त्यांच्यामागचा साक्षी तेवढा शिल्लक राहतो.

च्वांग त्सेकडे हा साक्षी नाही. मागे उभं राहून दोन्ही स्वप्नं बघणारा कुणी तिसरा त्याने ठेवलेलाच नाही. फुलपाखरू असताना तो पुरता फुलपाखरू असतो, चौ असताना पुरता चौ. दोन्ही खरे, दोन्ही वेगळे, आणि एकातून दुसऱ्यात जाणं हेच जगाचं चालणं. म्हणून हा मायावाद नव्हे, आणि ‘सगळंच स्वप्न, मग कशाचं काय घेऊन बसलात’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या फार जवळचा आहे: माणसाच्या एका अवस्थेला त्याच्या दुसऱ्या अवस्थेवर मालकी सांगता येत नाही. फुलपाखराने जे केलं त्यावरून चौ कोण हे ठरवता येत नाही, आणि चौच्या कागदपत्रांवरून फुलपाखरू ओळखता येत नाही.

त्याच प्रकरणात जरा आधी एक पात्र म्हणतं, स्वप्नात मद्य पिणारा सकाळी रडत उठतो, स्वप्नात रडणारा सकाळी शिकारीला निघतो. स्वप्न चालू असताना ते स्वप्न आहे हे कळत नाही. काही जण तर स्वप्नातच स्वप्नाचा अर्थ लावत बसतात. मूर्खांना मात्र आपण जागे असल्याची खात्री असते. हा राजा, तो गुराखी, असं ते ठणकावून सांगतात. केवढा हा ताठरपणा! इथे थांबलं असतं तर तो साध्या उपदेशकाचा आव झाला असता. पण तेच पात्र पुढे म्हणतं: तुम्ही स्वप्नात आहात असं सांगणारा मी, तोही स्वप्नच. म्हणजे जागं असल्याचा दाखला कुणाच्याच खिशात नाही, नोंद करणाऱ्याच्याही नाही.

हे विचार कुठल्या काळात लिहिले गेले ते पाहिलं की त्यांना धार येते. च्वांग त्से जगत होता त्याच शतकात पश्चिमेकडच्या छिन राज्यात शांग यांग हा मंत्री राज्ययंत्रणा नव्याने बांधत होता. घरांची नोंदणी झाली, पाच-पाच आणि दहा-दहा घरांचे गट पाडले गेले, एकाच्या गुन्ह्यासाठी गटातल्या सगळ्यांना जबाबदार धरलं जाऊ लागलं. पुढे याच छिनने सगळा चीन जिंकला. माणसाला नाव, घर, गट आणि गुन्हा यांत कायमचं बसवण्याचं तंत्र तयार होत होतं त्याच काळात, पूर्वेकडच्या सोंग राज्यात, एक बागेवरचा अधिकारी आपल्याला फुलपाखरू झाल्याचं स्वप्न लिहून ठेवतो. हा निव्वळ योगायोग असेलही. पण त्याच ग्रंथाचं पाचवं प्रकरण वाचल्यावर मला तरी तसं वाटत नाही.

त्या प्रकरणात पाय तोडलेली माणसं एकामागून एक येतात. पाय तोडणं ही तेव्हाची सरकारी शिक्षा होती. कागदाचा शोध लागायचा होता. पण या शिक्षेला कागद लागतच नसे. माणूस दारात उभा राहिला की त्याची फाईल उघडी. चारित्र्य पडताळणीसाठी कुठे अर्ज करायला नको.

अशांपैकी एक शेन्तू जिआ. तो आणि चंग राज्याचा कारभारी त्झी-छान एकाच गुरूकडे शिकतात. त्झी-छानला लाज वाटते. तो सांगून टाकतो, “मी आधी निघालो तर तू थांबायचं. तू आधी निघालास तर मी थांबेन.” दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा त्याच दालनात, त्याच चटईवर शेजारी. त्झी-छान म्हणतो, “आता मी निघतोय. थांबतोस ना? राज्याचा कारभारी समोर आहे तरी बाजूला होत नाहीस; स्वतःला माझ्या बरोबरीचा समजतोस की काय?” शेन्तू जिआ शांतपणे उत्तर देतो. गुरुजींच्या घरात कारभारी कुठून आला, हे तो आधी विचारतो. मग म्हणतो, आपण सगळेच यी नावाच्या त्या पट्टीच्या नेमबाजाच्या माऱ्यात हिंडतोय. बाण लागला नाही तर ते नशीब. आणि शेवटी: “एकोणीस वर्षं मी गुरुजींबरोबर आहे. मला एक पाय नाही हे त्यांना कधी जाणवलंसुद्धा नाही. आपण दोघं इथे देहाच्या आतलं शिकायला आलोय, आणि तुम्ही मला देहाच्या बाहेरच शोधताय. हे बरं आहे का?” त्झी-छानचा चेहरा पडतो. “पुरे, पुढे बोलू नकोस,” म्हणतो.

च्वांग त्सेने या प्रसंगासाठी निवडलेला माणूस पाहण्यासारखा आहे. त्झी-छान ही ऐतिहासिक व्यक्ती. इसवी सनापूर्वी ५३६ मध्ये त्याने चंग राज्याचा दंडसंग्रह ब्राँझच्या पात्रावर ओतून घेतला. लिखित शिक्षा अशा उघड जाहीर करणारा तो चीनच्या इतिहासातला पहिला कारभारी मानला जातो. ज्याने शिक्षा धातूत ओतल्या त्यालाच शिक्षा भोगलेल्या माणसाशेजारी चटईवर बसवून च्वांग त्सेने गप्प केलं. प्रसंग अर्थातच रचलेला आहे, आणि त्यातला खट्याळपणा मला फार आवडतो.

आता आजच्या चीनमधलं दृश्य. कुणी एकेकाळी नशा करत होता, पकडला गेला, सुटला, सावरला. नोकरीनिमित्त परगावी जातो, हॉटेलच्या काउंटरवर ओळखपत्र स्कॅन होतं. थोड्या वेळाने खोलीच्या दारावर थाप पडते, बाहेर पोलीस. लघवीचा नमुना द्या. सोबत सहकारी असतील तर त्यांच्यादेखत. ज्यांच्या नावावर ही नोंद आहे त्यांचं ओळखपत्र वापरलं गेलं की स्थानिक पोलिसांना सूचना जाते, अशी व्यवस्था तिथे वर्षानुवर्षं चालत आली आहे, आणि नशा सोडून बरीच वर्षं झाली तरी थाप पडते अशा तक्रारी चिनी वृत्तपत्रांतच छापून आल्या आहेत. शेन्तू जिआचा तुटलेला पाय निदान त्याच्या स्वतःच्या अंगावर होता. या माणसाचा तुटलेला पाय एका सर्व्हरवर आहे आणि तो कुठेही गेला तरी त्याच्या आधी तिथे पोचतो.

विरोधकांचा सगळ्यात मोठा मुद्दा इतिहासाचा आहे, आणि तो हलका नाही. अफूने चीनची काय अवस्था केली ते तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. १८३९ मध्ये चिनी बादशहाचा अधिकारी लिन त्स-शू याने हूमन इथे अफूचा साठा नष्ट केला, मग ब्रिटनशी युद्ध झालं, चीन हरला, १८४२ मध्ये हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. नशेबद्दल तिथे जी चीड आहे ती या जखमेतून येते. पण ही अफू येत कुठून होती? बंगालमधून, आणि माळव्यातून मुंबई बंदरामार्गे. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यांनी त्यात पैसा केला त्यांत जमशेटजी जीजीभॉय अग्रणी होते. जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीशी त्यांचा घट्ट व्यवहार होता. १८४२ मध्ये, म्हणजे नेमकं अफूयुद्ध संपलं त्या वर्षी, ते सर झाले. १८५७ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने ‘सर’. त्यांच्या दानातून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही नावं आपण दिवसातून दहा वेळा घेतो. त्या नावामागची फाईल कुणी उघडत नाही. आणि रुग्णालयाच्या दारात रोज ती वाचून दाखवावी असं माझंही म्हणणं नाही. माणूस व्यापारी होता, दाता झाला. दोन्ही खरं, दोन्ही वेगळं. फक्त मग हीच मुभा चीनच्या क्वांगतोंग प्रांतातल्या कुणा बावीस वर्षांच्या पोरालाही द्यावी. अफूची पेटी विकणाऱ्याला रूपांतराची सवलत आणि ओढणाऱ्याला जन्माचा शिक्का, हे कुठलं गणित? च्वांग त्सेच्या ग्रंथातच याचा हिशेब एका ओळीत मांडलेला आहे: कमरपट्ट्याचं बक्कल चोरणारा मारला जातो, राज्य चोरणारा राजा होतो.

‘बड्या बापाचं पोर’ हा आरोपही इथेच तपासून घ्यावा. बड्या बापाच्या पोराला सीलबंद नोंदीची गरज नसते, त्याची नोंद झालीच तर ती आधीच गायब करता येते. सीलची गरज लागते ती डिलिव्हरीच्या गाडीवर जाणाऱ्याला आणि शिकवणीच्या वर्गात नोकरी मागणाऱ्याला.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे आणि त्यावर मला सहज तोड सापडलेली नाही. बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला चीनमध्ये पुष्कळदा याच कायद्याखाली शिक्षा होते: थोडे दिवस कोठडी आणि दंड. चच्यांग प्रांतातल्या ईवू शहराने जुलै २०२० पासून अशी सोय केली की लग्न ठरलेल्या व्यक्तीला जोडीदाराच्या नावावर घरगुती हिंसाचाराची नोंद आहे का हे अर्ज करून पाहता येईल. तिथल्या एखाद्या मुलीला ‘माणूस बदलतो, फुलपाखरू वेगळं आणि चौ वेगळा’ असं सांगायला मी धजणार नाही. मार खायची वेळ आली तर ती तिच्यावर येणार, माझ्यावर नाही.

प्रवाही ‘मी’ची भाषा इथे गोत्यात येते, हे ताओवादाच्या चाहत्यांनी कबूल करावं. जबाबदारी कुणाची? कर्ज घेणारा वेगळा आणि फेडणारा वेगळा असं म्हटलं तर उद्या बाजार बंद पडेल. पण ताओवाद्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. ल्ये त्से या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या नावावरच्या ग्रंथात चंग राज्यातल्याच एका लाकूडतोड्याची गोष्ट आहे. त्याने हरीण मारलं, झाकून ठेवलं, आनंदाच्या भरात जागा विसरला आणि स्वप्नच पडलं असावं म्हणून पुटपुटत घरी निघाला. वाटेत कुणीतरी ते ऐकलं आणि हरीण शोधून नेलं. रात्री लाकूडतोड्याला खरोखरच स्वप्न पडलं. त्यात जागाही दिसली आणि नेणाराही दिसला. प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं. न्यायाधीश म्हणाला, तू आधी खरं हरीण मिळवून त्याला स्वप्न म्हणालास, मग स्वप्न पाहून त्याला खरं म्हणालास. याने खरंच हरीण नेलं आणि आता तुझ्याशी भांडतोय. पुढ्यात आहे ते हरीण, निम्मं निम्मं घ्या. राजाला कळलं तेव्हा तो म्हणाला, हा न्यायाधीशही हरीण वाटल्याचं स्वप्नच पाहतोय की काय! प्रधानाने उत्तर दिलं ते पक्कं कारभारी उत्तर आहे: स्वप्न कुठलं आणि जाग कुठली हे ठरवणं माझ्या आवाक्यातलं नाही, न्यायाधीशाने सांगितलं तसं करावं.

निवाडा करायला माणसाच्या अंतिम स्वरूपाचा निकाल लावावा लागत नाही. पुढ्यातल्या हरणाचा लावला तरी पुरतं. मारहाण केलेल्या नवऱ्याला शिक्षा होते तेव्हा त्या रात्रीचा निकाल लागतो. तो जन्मभराचा कोण, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. तरीही उद्या जिचा जीव त्याच्या हातात जाणार आहे तिने विचारलं तर तिला उत्तर मिळालं पाहिजे, कारण तिच्यापुढे हरीण आहे. गोदामात हमाल ठेवणाऱ्या मालकापुढे तसं काही नाही, आणि मोबाईलवर शेजाऱ्याचं नाव शोधणाऱ्यापुढे तर नाहीच. भेद हा असलाच पाहिजे, हे सोडून दिलेलं वाक्य इथे कामाला येतं. १३६व्या कलमात नियमांनुसार विचारणा करू शकणाऱ्या कार्यालयांसाठी जागा ठेवलेली आहेच. ईवूसारखी खिडकी त्या जागेत स्पष्ट शब्दांत बसवून घ्यावी, सीलच्या नावाखाली ती बंद होऊ नये. नटांचं आणि गायकांचं काय, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. त्यांना बघायचं की नाही ते प्रेक्षक ठरवतील, त्याला कलम लागत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. च्वांग त्सेला कुणी हा कायदा दाखवला असता तर तो हसला असता. त्याला राज्ययंत्रणेचं कौतुक नव्हतं. छू राज्याच्या राजाने मोठं पद देऊ केलं तेव्हा देव्हाऱ्यातल्या मेलेल्या कासवापेक्षा चिखलात शेपूट ओढणारं जिवंत कासव बरं, असं सांगून त्याने दूतांची बोळवण केली. त्याला हक्कांची भाषा चिकटवणं चूक ठरेल. नोंद ज्या सरकारने केली त्यानेच ती सीलबंद करायची आणि किल्लीही त्याच्याकडेच, या व्यवस्थेवर तो नक्कीच काहीतरी टोचून बोलला असता. त्याच्या स्वप्नाला कायद्याच्या कलमात बसवण्याचा उद्योग माझा आहे, त्याचा नाही.

या कायद्याची कक्षा मात्र छोटी आहे आणि खरा पेच तिच्या बाहेर आहे. दारू पिऊन गाडी चालवणं २०११ पासून चीनमध्ये फौजदारी गुन्हा आहे, आणि शिक्षा झालेल्यांत अशांचा भरणा मोठा. गुन्हा असल्यामुळे १३६वं कलम त्यांना लागू नाही. अल्पवयीनांच्या पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षांची नोंद सीलबंद करण्याची तरतूद २०१३ पासून आहे, प्रौढांसाठी तशी नव्हती. जुलै २०२४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने किरकोळ गुन्ह्यांसाठी अशी पद्धत उभारण्याचं ठरावात लिहिलं. तिची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे त्यांनी काहीच केलेलं नाही. सैन्यात, पोलिसांत किंवा काही सरकारी पदांवर भरती होताना चीनमध्ये उमेदवाराच्या आईवडिलांचीही पडताळणी होते. शांग यांगच्या पाच-पाच घरांच्या गटाची ही धाकटी आवृत्ती अजून चालू आहे. वीस वर्षांच्या मुलाने परीक्षा दिली, धावला, वैद्यकीय तपासणीत पास झाला, आणि बापाने एका रात्री चार पेले जास्त घेऊन गाडी चालवली होती म्हणून तो अडकू शकतो. किरकोळ गुन्ह्यांचा कायदा जेव्हा लिहिला जाईल तेव्हा बापाची नोंद किती वर्षांनी मिटवायची यावर हवा तेवढा खल करावा. मुलाच्या फाईलमधून ती पहिल्याच दिवशी निघाली पाहिजे.